काट मारलेली गरोदर बाई: औषधाचा धोका चित्रातून सांगताना काय चुकतं

आयसोट्रेटिनॉइन नावाची एक कॅप्सूल हट्टी मुरुमांसाठी देतात. गुण चांगला येतो. पण ती चालू असताना दिवस गेले, तर बाळाच्या मेंदूत, हृदयात किंवा कानात व्यंग राहण्याचा मोठा धोका असतो. म्हणून अमेरिकेत या औषधाच्या पाकिटावर एक चिन्ह छापू लागले: पोट पुढे आलेली बाई, तिच्याभोवती गोल आणि त्यावर तिरकी काट. पुढे थॅलिडोमाइडच्या पाकिटावरही हेच चिन्ह आलं. छापणाऱ्यांना म्हणायचं होतं, 'गरोदर असाल तर घेऊ नका. घेत असाल तर दिवस जाऊ देऊ नका.'

नंतर हे चिन्ह बायकांसमोर ठेवून त्यांना अर्थ विचारला गेला. २००१ मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात बऱ्याच जणींना अर्थ सांगता आला नाही, आणि कित्येकींना ही गर्भनिरोधक गोळी वाटली. म्हणजे ज्या बाईनं ही गोळी घेताना पाळणा लांबवायचा, तीच 'या गोळीनं लेकरू राहत नाही' असं समजून निर्धास्त झाली असती.

हा समज अडाणीपणाचा नाही. डासांच्या अगरबत्तीच्या पुड्यावर काट मारलेला डास असतो. कपाशीवर फवारायच्या औषधाच्या बाटलीवर अळी असते. आपण त्याचा अर्थ 'आतल्या वस्तूनं हे जातं' असाच लावतो, आणि तो बरोबर असतो. त्याच नियमानं काट मारलेल्या गरोदर बाईचा अर्थ 'यानं गर्भ राहत नाही' असा निघतो. वाचणारीनं चिन्हांचं व्याकरण नीट पाळलं. काढणाऱ्यानं ते ध्यानातच घेतलं नाही.

बायकांचाच विषय वेगळा का काढायचा?

एकच गोळी बाईच्या शरीरात वेगळी वागू शकते. झोल्पिडेम ही झोपेची गोळी बायकांच्या रक्तातून सावकाश उतरते, सकाळीही अंमल राहतो, म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकानं जानेवारी २०१३ मध्ये बायकांसाठीचा डोस १० मिलिग्रॅमवरून ५ वर आणायला लावला. दुसरं कारण अर्थातच गर्भ. थॅलिडोमाइड १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत बाजारात आलं, गरोदरपणातल्या मळमळीवर सर्रास दिलं गेलं आणि १९६१ च्या नोव्हेंबरात मागे घेतलं गेलं. तोवर जगभरात दहा हजारांहून अधिक बाळं हातापायांची वाढ खुंटलेली किंवा इतर व्यंगं घेऊन जन्मली होती.

आणि तिसरं कारण घरचं आहे. लहान लेकराची, सासूची, स्वतःची अशा सगळ्यांच्या गोळ्या बहुतेक घरांत एकच बाई सांभाळते. तिला न कळलेली सूचना घरात कुणालाच कळत नाही.

आज स्ट्रिपवर काय छापलेलं असतं?

डाव्या कडेला एक उभी लाल रेघ असते. तिचा अर्थ: हे औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचं किंवा घ्यायचं नाही. शेजारी 'आरएक्स' अशी खूण आणि बारीक इंग्रजी मजकूर. १ ऑगस्ट २०२३ पासून खपाच्या ३०० ब्रँडवर क्यूआर कोडही सक्तीचा झाला. पण तो स्कॅन केला तर औषधाचं नाव, कंपनी, बॅच, तारखा, परवाना क्रमांक मिळतो. माल खरा की नकली, हे ताडायला त्याचा उपयोग. गोळीनं काय होऊ शकतं आणि झालं तर काय करायचं, हे त्यात शोधू नका.

त्यात आपल्याकडची विक्रीची रीत पाहा. मेडिकलवाला दहाच्या स्ट्रिपमधून कात्रीनं चार गोळ्या कापून कागदी पाकिटात टाकतो. लाल रेघ एका तुकड्यावर राहते, मुदतीची तारीख दुसऱ्यावर, नाव अर्धं तुटतं. म्हणून जी सूचना जीवावरची आहे ती प्रत्येक गोळीच्या मागच्या पन्नीवर पुन्हा पुन्हा छापलेली हवी. आणि ते जोवर होत नाही तोवर आपल्या हातात खरी जागा एकच आहे, ते कागदी पाकीट. परभणी-हिंगोलीकडच्या एखाद्या गावात बाईच्या हाती पडणारा तोच एकमेव कागद असतो, आणि त्यावर बहुतेक वेळा दुकानाच्या नावापलीकडे काही नसतं.

'धोका दुप्पट' म्हणजे नेमका किती?

भाजीची जुडी ५ रुपयांवरून १० वर गेली तरी भाव दुप्पट, आणि सोन्याची पोत ५०,००० वरून लाखावर गेली तरी दुप्पटच. 'दुप्पट' हा शब्द आधी किती होतं ते सांगत नाही.

ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीनं इशारा दिला की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो. बातमी घरोघर गेली, बायकांनी गोळ्या टाकून दिल्या. प्रत्यक्षात तो धोका ७,००० बायकांत एकीवरून दोघींवर गेला होता. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाले असा अंदाज आहे. एका शब्दानं एवढं झालं. त्या शब्दाऐवजी सात हजार ठिपक्यांचं एक चित्र, त्यात आधी एक आणि मग दोन ठिपके रंगवलेले, असं छापलं असतं तर?

अशा चित्राला ठिपक्यांचा तक्ता म्हणू. तो घरीही काढता येतो. शाळेच्या आलेख कागदावर १० सेंमी लांब, १० सेंमी रुंद चौरस आखा. त्यात मिलिमीटरच्या बरोबर १०,००० चौकटी येतात. प्रत्येक चौकट म्हणजे एक बाई. असे चार चौरस शेजारी शेजारी काढा. गर्भनिरोधक गोळीसोबत अमेरिकेत जी माहिती देतात तिच्यानुसार, वर्षाच्या हिशेबानं १०,००० बायकांमागे गुठळी होण्याचं प्रमाण असं: गरोदर नाही आणि गोळीही घेत नाही, तर १ ते ५, गोळी घेते, तर ३ ते ९, गरोदर आहे, तर ५ ते २०, आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या १२ आठवड्यांत ४० ते ६५. प्रत्येक चौरसात वरचा आकडा रंगवा: ५, ९, २०, ६५.

आता पहिले दोनच चौरस दाखवले तर बाई म्हणेल, गोळी वाईट. चारही दाखवले तर तिला दिसेल की नको असताना राहिलेला गर्भ आणि त्यानंतरचं बाळंतपण गोळीपेक्षा अधिक जोखमीचं आहे. आकडे खरेच राहिले, फक्त तुलना पूर्ण झाली. धोका चित्रात मांडणाऱ्याची सगळ्यात मोठी जबाबदारी इथे आहे: शेजारी काय ठेवायचं आणि काय वगळायचं.

रंगवलेल्या चौकटी डावीकडच्या खालच्या कोपऱ्यातून सलग भराव्यात. विखुरल्या तर मोजता येत नाहीत आणि आहेत त्याहून जास्त वाटतात. एका चौरसाला १०० आणि शेजारच्याला १,००० असा आधार कधीच घेऊ नये. '२५ त १' आणि '२०० त ३' यांतलं कमी कोणतं हे शिकलेल्या माणसालाही पटकन सांगता येत नाही. खांबांचा आलेख काढलात तर तो शून्यापासून सुरू करा. चाळीसपासून सुरू केलेल्या आलेखात ४५ चा खांब ४२ च्या अडीचपट उंच दिसतो.

फिटच्या गोळीचं कार्ड

व्हॅल्प्रोएट हे फिट येण्यावरचं नेहमीचं औषध. काही मानसिक आजारांत आणि अर्धशिशीतही देतात. कोणतंही औषध न घेणाऱ्या १०० गरोदर बायकांपैकी २ ते ३ जणींच्या बाळांत जन्मतः मोठं व्यंग आढळतं. गरोदरपणात व्हॅल्प्रोएट चालू असेल तर हा आकडा १०० त ११ च्या आसपास जातो, आणि १०० पैकी ३० ते ४० मुलांना पुढे बोलणं, चालणं, शिकणं यांत अडचणी येऊ शकतात. म्हणून ब्रिटननं २०१८ पासून मूल होण्याच्या वयातल्या बायकांना हे औषध देण्यावर कडक अटी घातल्या: गर्भनिरोधनाची पक्की व्यवस्था, दरवर्षी डॉक्टरांकडून फेरतपासणी, आणि पाकिटावर इशारा व हातात कार्ड.

आपल्याकडे असं कार्ड करायचं तर त्यावर शंभर चौकटींचे दोन तक्ते पुरतात, एकात ३ रंगवलेल्या, दुसऱ्यात ११. पण एवढ्यावर थांबलेलं कार्ड घातक आहे. ते पाहून बाई आजच गोळी बंद करेल, आणि अचानक बंद केलेल्या गोळीनं एकामागून एक फिट येऊन जीव जाऊ शकतो. गरोदरपणात तर दोघांचाही. म्हणून खाली तितक्याच मोठ्या अक्षरात: 'गोळी चालू ठेवा. मूल हवं असेल तर दिवस जाण्याआधी डॉक्टरला सांगा. दिवस गेलेच असतील तर याच आठवड्यात जा.' डॉक्टर कमी धोक्याचं दुसरं औषध सुरू करून हे हळूहळू उतरवू शकतात. फॉलिक अॅसिडही आधीपासून सुरू करतात.

आणखी एक गोष्ट मनात ठेवावी लागते. लग्नाच्या मुलीला फिट येते हे पुष्कळ घरं झाकून ठेवतात, सासरी कळू देत नाहीत. म्हणून कार्डाची घडी घातल्यावर बाहेरून आजाराचं नाव किंवा चित्र दिसू नये. दिसलं तर ते कार्ड गादीखाली जाईल किंवा चुलीत, आणि सूचनाही त्यासोबत.

पाळी पुढे ढकलायची गोळी

महालक्ष्म्यांचा सण, तुळजापूरची नवरात्र, घरातलं लग्न. अशा वेळी मेडिकलमधून नोरेथिस्टेरॉन सहज मागून आणतात. नेहमीची पद्धत म्हणजे पाळीच्या तारखेच्या तीन दिवस आधीपासून ५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा. बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. हीसुद्धा लाल रेघेची गोळी आहे. एवढ्या डोसात तिचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनसारख्या हार्मोनमध्ये बदलतो आणि गुठळीचा धोका वाढतो. बहुतेकींना काही होत नाही. पण आधी कधी गुठळी झालेली, यकृताचा आजार असलेली, अंगावरून विनाकारण जात असलेली किंवा दिवस गेल्याची शंका असलेली बाई असेल, तर तिनं डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊच नये.

या पाकिटावर कोणतं चित्र हवं? पायाच्या गुठळीचं. इथे गुडघ्याखालचा एकच पाय काढण्याची चूक होते. तुटका पाय पाहून कुणाला अपघात वाटतो, कुणाला पायदुखीची गोळी. पूर्ण बाई काढावी, लुगडं पोटरीपर्यंत वर घेतलेली, दोन्ही पाय दिसणारी, एक पोटरी ठळक जाड. दोन पोटऱ्यांच्या घेरात ३ सेंमीहून जास्त फरक, एकाच पायात दुखणं, अचानक धाप लागणं, छातीत कळ येणं, यातलं काहीही झालं तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना. हे चार शब्दांच्या ओळींत लिहून चित्राशेजारी ठेवावं. चित्रानं बाईला थांबवायचं आणि शब्दांनी काय करायचं ते सांगायचं, एवढीच वाटणी. चित्र एकट्यानं सगळं सांगेल ही अपेक्षा ठेवली की काट मारलेल्या बाईसारखं होतं.

मराठीत छापताना

इंग्रजीतून केलेलं पत्रक मराठीत आणताना एक अडचण हमखास येते. आपल्या भाषेत नकार वाक्याच्या शेवटी येतो. 'गरोदर असताना ही गोळी घ्यायची' इथे ओळ संपली आणि 'नाही' खालच्या ओळीत गेलं, की वरची ओळ नेमकं उलटं सांगते. घडी त्याच जागी पडली तर विचारूच नका. नकाराचं वाक्य एका ओळीत मावेल एवढं आखूड करा, नाहीतर 'नको' आधी आणा.

आकड्यांचंही तसंच. मराठी १ हा इंग्रजी नऊसारखा दिसतो, आणि मराठी ४ इंग्रजी आठसारखा. घरात आजी मराठी आकडे वाचते, नात इंग्रजी. म्हणून डोस आकड्यात न लिहिता 'एक गोळी' असं अक्षरात लिहावं आणि शेजारी तितक्याच गोळ्या काढाव्यात. अपूर्णांकात तर आपल्या भाषेजवळ दशांशचिन्हापेक्षा चांगली सोय आहे. २.५ मधला ठिपका झेरॉक्समध्ये उडाला की २५ होतात. 'अर्धी', 'दीड', 'अडीच' कधीच उडत नाहीत.

अक्षर १२ पॉइंटच्या खाली नको, आणि दोन ओळींत मोकळी जागा इंग्रजीपेक्षा जास्त हवी, कारण वरची वेलांटी आणि खालचा उकार एकमेकांत घुसतात. रंगावर पूर्ण भिस्त ठेवू नये. फवारणीच्या औषधाच्या डब्यावरचा लाल त्रिकोण शेतकरी घरात सगळ्यांना कळतो, पण कुंकवाचा, शालूचा रंगही लालच. शिवाय गावात कागदाची झेरॉक्स निघते. तक्ता एकदा काळ्या-पांढऱ्यात झेरॉक्स करून पाहा. लाल आणि हिरवा सारखेच करडे दिसले तर रंगाऐवजी भरीव आणि पोकळ चौकटी वापरा.

वेळेसाठी उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य आणि चंद्र चालतात. रिकाम्या ताटाचं चित्र मात्र फसवं आहे: ते 'जेवणाआधी' असंही वाचता येतं आणि 'जेवण आटोपलं' असंही. भाकरी वाढलेलं ताट काढून त्याच्या आधी किंवा नंतर गोळी दाखवावी.

बायका घाबरून औषध सोडतील, त्याचं काय?

हा आक्षेप खरा आहे, १९९५ नं तो सिद्धच केला. पण घाबरवलं ते अर्धवट माहितीनं. २०२३ च्या नोव्हेंबरअखेरीस भारतीय औषधकोश आयोगानं मेफेनॅमिक अॅसिडबद्दल सावधगिरीची सूचना काढली, आणि पाळीच्या पोटदुखीवर ही गोळी घेणाऱ्या बायकांच्या फोनवर ती भीतीदायक बातमी होऊन फिरली. सूचना एका दुर्मीळ तीव्र अॅलर्जीबद्दल होती. तिची लक्षणं साधारण दोन ते आठ आठवड्यांत दिसतात: ताप, अंगभर पुरळ, चेहऱ्यावर सूज, गाठी. म्हणजे इथे गरज होती ती आठ आठवड्यांच्या एका पट्टीची, जिच्यावर दोन ते आठ हा भाग गडद केलेला आणि खाली ही चार लक्षणं. किती काळ लक्ष ठेवायचं हे समजलं की भीतीला हद्द येते. असा त्रास झाला तर १८००-१८०-३०२४ या टोल-फ्री क्रमांकावर तो कोणालाही कळवता येतो. हा नंबर पाकिटावर असावा.

डॉक्टर सांगतातच की, मग कागद कशाला?

संभाजीनगरच्या घाटी या सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत रांग असते, डॉक्टरच्या हाती मिनिटं मोजकी. बाई मान हलवते, बाहेर आल्यावर निम्मं विसरते. सहा महिने ऊसतोडीला दुसऱ्या जिल्ह्यात गेली तर तो डॉक्टर हाकेच्या अंतरावर नसतो. कागद तिच्यासोबत जातो. वाचता येणाऱ्या बाईलाही तो लागतो, कारण 'दुप्पट' हा शब्द पदवीधरालाही फसवतो.

चित्र लागू पडलं का, हे कसं कळतं?

'समजलं का?' असं विचारू नका. सगळ्या 'हो' म्हणतात. एकेकीला बाजूला घेऊन, आशाताई किंवा सिस्टर सोबत नसताना, चित्र हातात द्या आणि विचारा, 'हे पाकीट तुमच्या घरी आलं तर तुम्ही काय कराल?' उत्तर तिच्याच शब्दांत लिहून घ्या. आंतरराष्ट्रीय मानकात चिन्ह १०० पैकी ६७ जणांना कळलं तर पास धरतात. अमेरिकेचं सुरक्षा चिन्हांचं मानक ८५ मागतं, आणि उलटा अर्थ घेणारे पाचाच्या वर नकोत. औषधासाठी ही अमेरिकेची अटच धरावी. पन्नास बायकांना विचारलंत तर ४३ बरोबर हव्यात आणि उलटं वाचणाऱ्या फार तर दोन. तीन निघाल्या तर चित्र टाकून द्या, मग ते कितीही देखणं असो.

आठवड्याची एकच गोळी

शेवटी एक पाकीट पूर्ण रचून पाहू. संधिवाताच्या रुमेटॉइड प्रकारावर, जो पुरुषांपेक्षा बायकांत दोन-तीनपट आढळतो, मेथोट्रेक्सेट देतात. आठवड्यातून एकदाच. ती रोज घेतली गेली तर रक्तपेशी बनणं थांबतं, तोंड सोलवटतं, जीवही जातो. जगभर असे मृत्यू झाले आहेत, म्हणून युरोपात २०१९ मध्ये पाकिटावर ठळक आठवण छापायचं ठरलं. त्यात भर म्हणजे सोबत फॉलिक अॅसिडची गोळी असते, ती वेगळ्या दिवशी, आणि दोन्ही पुष्कळदा लहान व पिवळ्या.

पाकिटावर सात वारांची पट्टी काढा आणि डॉक्टरनं ठरवलेला एकच वार भरीव करा. तो वार शक्यतो आठवडी बाजाराचा ठरवावा, कारण तो दिवस कुणी विसरत नाही. पट्टीखाली बाजाराच्या पिशवीचं चित्र. वाराचं नाव मात्र लिहाच, कारण कारखान्यावर गेल्यावर तिथला बाजार दुसऱ्या वारी असेल. उरलेल्या सहा वारांवर काट नको, ती जागा मोकळीच ठेवा. खाली अक्षरात 'आठवड्यातून एकदा'. एका वेळी चार आठवड्यांपुरत्याच गोळ्या द्या. फॉलिक अॅसिड वेगळ्या आकाराच्या पाकिटात. मागच्या बाजूला: 'दिवस जाऊ देऊ नका. ही पाळणा लांबवायची गोळी नव्हे.' आणि सगळ्यात खाली, उघडं तोंड आणि त्यात फोड असलेली बाई: 'तोंड आलं, ताप आला, किंवा चुकून रोज घेतली, तर हे पाकीट घेऊन आजच सरकारी दवाखान्यात जा.'